मागच्या दिव्याची साक्ष

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळा रस्ता ठिणगी म्हणायचा, अर्थात पाठीमागे. समोर आला की 'मिस्त्री, बसा ना'. नाव उगीच पडलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाने एकदा 'पलीकडचा याहून बरं करतो' एवढंच म्हटलं, तर या गृहस्थाने दोन तास खपून जोडलेल्या सगळ्या तारा पुन्हा उपटल्या आणि गाडी स्वतः ढकलत पलीकडच्याच्या दारात नेऊन लावली. वर त्याला सांगितलं, "घ्या, तुमचं कौतुक करत होते." इतरांना राग येतो आणि जातो. याचा यायचा आणि बिऱ्हाड करून राहायचा.

पण कामात तोड नव्हती. दुकान म्हणजे एक शटर आणि आत तीन माणसं मावली तर चौथ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. भिंतीवर बल्बांचे पत्र्याचे डबे, टेबलावर सोल्डरिंगचं सामान, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. त्यांच्या ॲसिडने त्याच्या प्रत्येक शर्टाला बारीक भोकं पडलेली. त्याच्या कामाची एक खूण होती. जोडणी पक्की असली की काळ्या टेपचं टोक तो अंगठ्याने दाबून इतकं सपाट करायचा की सापडू नये. जोडणी तात्पुरती असली की टोक दुमडून त्याचा छोटासा कान ठेवायचा, म्हणजे पुन्हा उघडताना नखात पकडता येतो. कान दिसला की काम अर्धवट आहे, हे त्याला हातभर अंतरावरून कळायचं.

त्याला न घाबरणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची बायको. ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. रोज पहाटे स्कूटरवर निघायची आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांचं रक्त काढून आणायची. हात इतका हलका की म्हातारी माणसं दुसऱ्या कोणाला सुई टोचू द्यायची नाहीत. नवरा कोणावर तरी आग पाखडत घरी आला की ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "झालं? विझलास? मग हात धू आणि जेवायला बस." आणि तो मुकाट्याने हात धुवायचा. त्यांना एक मुलगी होती. राग बापाचा घेतलेला आणि डोकं आईचं. घरात भांडणं व्हायची, पण ती टिकायची नाहीत, कारण आई ती टिकू द्यायची नाही.

एका सकाळी सव्वासात वाजता, काठी टेकत एक आजी पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होत्या. त्यांच्यासाठी बायकोने स्कूटर थांबवली. मागून बाटलीबंद पाण्याचा ट्रक येत होता. तो थांबला नाही. आजी वाचल्या.

आठव्या दिवशी पाण्याच्या कंपनीचा एक माणूस घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट, चेहऱ्यावर भाड्याने आणलेलं दुःख. म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. बाईंनी जरा अचानकच ब्रेक मारला म्हणतात. असो. चूक कोणाची, ते आता उकरून काय करायचं? मालकांनी माणुसकी म्हणून..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मिस्त्रीने पाकीट जिन्यावरून खाली भिरकावलं आणि पाठोपाठ पाहुण्यालाही वाट दाखवली. मेलेल्या बाईवर ढकलून मोकळे होतायत! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्याने मुलीला समोर बसवून सांगितलं, "यांच्याकडून मला दमडी नको. यांच्या मालकाने कोर्टात उभं राहून म्हणायला हवं, चूक आमची होती. तिची नव्हती. एवढं ऐकल्याशिवाय मी मरत नाही, आणि त्यालाही सुखाने जगू देत नाही."

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने मान हलवली.

पोलिसांच्या खटल्यात ड्रायव्हरला दंड झाला आणि प्रकरण मिटलं. मग मिस्त्री एका वकीलबाईंकडे गेला. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि समोरच्याचं निम्मं बोलणं कानाआड करणाऱ्या. त्यांनी त्याचा अर्धा तासाचा संताप ऐकला आणि म्हणाल्या, "चूक कोणाची हे तुम्हाला माहीत असून काही उपयोग नाही. मला ती सिद्ध करावी लागेल. ड्रायव्हरने काळजी घ्यायला हवी होती, हे एक. ती त्याने घेतली नाही, हे दोन. आणि त्याचमुळे बाई गेल्या, हे तीन. यातली एक कडी निसटली की दावा संपला."

"आणि ते काय म्हणणार?"

"दुसरं काय म्हणणार? बाईंचीही चूक होती. सगळी नसेल, तर निम्मी, पाव. जेवढी बाईंच्या नावावर चढेल, तेवढी यांच्या नावावरून उतरेल."

"चढवून तर बघू देत," मिस्त्री म्हणाला.

इथून पुढे तो कंपनीच्या मागे हात धुऊन लागला. सलग चाळीस सकाळी तो त्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी जाऊन उभा राहिला. कंपनीचे ट्रक पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवतात, हे खडूच्या खुणा करून मोजत राहिला. तिथल्या वाहतूक पोलिसाला वाटलं हा सरकारी माणूस, त्यामुळे तो रोज सलाम ठोकायचा. याने कधी खुलासा केला नाही. काठीवाल्या आजींचा पत्ता त्याने औषधांच्या दुकानातून काढला. साक्ष द्यायला त्या घाबरत होत्या, तर हा रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसू लागला. पंधरवड्याने आजी कंटाळून म्हणाल्या, "देते रे बाबा साक्ष, पण आता घरी जा." वकीलबाईंनी कोर्टाकडून हुकूम आणवून कंपनीचं ड्युटीचं रजिस्टर मागवलं. त्यात निघालं की ड्रायव्हर आदल्या दुपारपासून गाडी चालवत होता. सतरा तास. मिस्त्रीने ते पान सात वेळा वाचलं आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा दोन घास जास्त जेवला.

सूड घ्यायला बसलेल्या माणसाला लहानसहान सुखंही पुरतात. एकदा कंपनीचाच एक ट्रक त्याच्या दुकानासमोर बिघडला. भोंग्याची तार कुठेतरी चिकटली होती आणि भोंगा काही केल्या थांबेना. सगळा रस्ता कानांत बोटं घालून उभा. त्या ट्रकचा ड्रायव्हर हातापाया पडू लागला, "मिस्त्री, एक मिनिटाचं काम आहे हो!" मिस्त्रीने स्टूल बाहेर काढलं, चहा मागवला आणि अर्धा तास तो भोंगा ऐकत चहा प्यायला. शेजारच्या पंक्चरवाल्याने शिव्या घातल्या. त्याही त्याला गोड लागल्या.

दुसऱ्या वर्षी, ज्याच्या हातून ते झालं होतं तो ड्रायव्हर स्वतः घरी आला. खांदे पडलेला, चाळिशीचा, बोलताना बोटं मोडत राहणारा. दारातच उभं राहून म्हणाला, "मला झोप लागत नाही. माफ करा म्हणायलाही तोंड नाही, पण माफ करा." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलणार होती. बहुतेक 'बसा' म्हणणार होती. मिस्त्रीने तिच्या देखत दार लावून घेतलं.

"बाबा, तो रडत होता."

"रडू दे. रडायला काय लागतं? चूक केलेला माणूस आधी रडतो, मग माफी मागतो, मग घरी जाऊन पोटभर जेवतो. आणि माफ करणारा बसतो आयुष्यभर भिंतीकडे बघत. नीट ऐक. ज्याची चूक आहे त्याला सोडायचं नाही. रडला तरी नाही, पाया पडला तरी नाही. आपला असो, परका असो. आज एकाला सोडलंस की तुझी आई उगाच मेली असं होईल."

मुलगी बराच वेळ लावलेल्या दाराकडे बघत राहिली. त्यानंतर तिने पुन्हा कोणासाठी डोळ्यांत पाणी आणलं नाही. कोर्टाचे कागद ती वाचायला लागली, अर्ज टाइप करायला लागली. तारखा तिला तोंडपाठ. वकीलबाई कौतुकाने म्हणाल्या, "हिला माझ्याकडे पाठवा पुढे." बापाची छाती फुगली. मुलगी कशी तयार केलीय, बघा म्हणावं.

त्या दोघांची एक सवयच होऊन गेली. संध्याकाळची जेवणं झाली की टेबल पुसायचं, मुलीने एका बाजूला बसायचं, बापाने समोर. मुलगी कंपनीचा वकील व्हायची आणि बापाची उलटतपासणी घ्यायची. काम तिला इतकं झकास जमायचं की बाप कधी कधी खरोखरच चिडून टेबलावर मूठ आपटायचा. मग ती वकिली सोडून म्हणायची, "बाबा, चिडायचं नाही. तू चिडलास की ते जिंकले."

एव्हाना कंपनीचं लेखी उत्तर आलं होतं. वकीलबाईंनी म्हटलं होतं तेच त्यात होतं: बाईंनी अचानक स्कूटर थांबवली, मागचा ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही, त्यामुळे ड्रायव्हरला काही समजलं नाही, सबब निष्काळजीपणा बाईंचा. मिस्त्री हे ऐकून चक्क हसला. दिव्याची भाषा कंपनीने कोणाला शिकवावी? यालाच?

"बल्बलाच विचारू," तो वकीलबाईंना म्हणाला. "ब्रेक दाबल्यावर बल्बमधली तार पेटते. पेटलेली तार मऊ असते. तशात गाडीला जोराचा धक्का बसला तर ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. विझलेली तार मात्र कडक. तिला धक्का बसला तर ती कडकन मोडते, पण असते तशी सरळच राहते. अपघाताच्या क्षणी दिवा लागला होता की नाही, हे मी बल्ब बघून सांगतो. वाटल्यास त्यांचा तज्ज्ञ आणू देत. तार खोटं बोलत नाही."

स्कूटर पोलिसांच्या आवारात, जप्त गाड्यांच्या रांगेत पत्र्याखाली पडून होती. कोर्टाने तपासणीची परवानगी दिली. ठरल्या दिवशी कोर्टाचा कारकून, कंपनीच्या वकिलाचा एक मदतनीस आणि मिस्त्री असे तिघं तिथे जमले. मिस्त्री नवा शर्ट घालून गेला होता.

तो स्कूटरच्या मागे उकिडवा बसला. मागचा भाग आत गेलेला, सीट फाटलेली, पण लाल काचेमागचा बल्ब कसा कोण जाणे शाबूत होता. त्याने तो हलक्या हाताने फिरवून काढला, उजेडात धरला आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

ब्रेकची तार मधोमध मोडली होती. दोन्ही तुकडे सरळ होते.

त्याने बल्ब फिरवून पुन्हा बघितला. मग त्याची नजर आपोआप पुढे, हँडलपाशी ब्रेकचा स्विच असतो तिकडे गेली. स्विचची एक तार काढलेली होती. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, आणि त्या टेपला छोटासा कान होता.

आता त्याला सगळं आठवलं. किंवा आठवत होतंच, नुसतं तिकडे बघणं त्याने टाळलं होतं. अपघाताच्या दोन आठवडे आधी तो स्विच चिकटला होता. ब्रेक सोडला तरी दिवा चालूच राहायचा आणि बॅटरी उतरायची. त्याने एक तार उपसली, तिला टेप लावली आणि म्हणाला, "उद्या नवा स्विच टाकतो." उद्या गिऱ्हाइकं होती. परवाही होती. बायकोने आठवण केली, "अरे, मागच्याला कळायला नको का मी थांबतेय ते?" तो म्हणाला, "टाकतो गं." असं तीनदा झालं. सगळ्या रस्त्याचे दिवे चोख लावून देणाऱ्या माणसाच्या घरची गाडी चौदा दिवस मागून आंधळी फिरली. नवा स्विच त्याच्या डब्यात पडलेला होता, हे आणखी वर.

"काय दिसतंय?" कारकुनाने विचारलं.

"सील करा," मिस्त्री म्हणाला.

कारकुनाने बल्ब पाकिटात घालून लाख लावली. वकिलाच्या मदतनिसाला ना तार कळली ना टेप. तो सावलीत उभा राहून जांभया देत होता.

संध्याकाळी टेबल पुसून झाल्यावर मुलगी समोर बसली. तिने नेहमीसारखा चेहरा कडक केला. "मिस्त्री, आज तुम्ही बल्ब पाहिला. धडक बसली तेव्हा ब्रेकचा दिवा लागला होता का?"

"लागला होता," मिस्त्री म्हणाला.

मुलीने टेबलावर दोन्ही हात आपटले आणि आईसारखी हसली. "मेले आता ते!"

पुढचे आठ महिने रोज संध्याकाळी ती हाच प्रश्न विचारायची आणि तो हेच उत्तर द्यायचा. तिला ते उत्तर इतकं आवडायचं की कधी कधी ती ते दोनदा म्हणून घ्यायची. एखाद्याला वाटेल, माणूस आता नरमला असेल, कंपनीवरचा त्याचा राग ओसरला असेल. छे! उलट दुपटीने वाढला. स्वतःच्या वाटणीचाही सगळा राग त्याने कंपनीच्याच डोक्यावर ओतायला सुरुवात केली. सतरा तास माणसाला जुंपणारे तेच ना? मग? एका तारेने काय होणार होतं? हे तो दिवसातून वीसदा स्वतःला विचारायचा आणि वीसही वेळा उत्तर यायच्या आत हातातल्या कामाला लागायचा. वकीलबाईंना त्याने सांगितलं, "बल्बचं नको काढायला. तार नीट कळत नाही." बाईंनी त्याच्याकडे एकदा निरखून बघितलं आणि तो मुद्दा कागदावरून खोडला. त्यांनी काय ओळखलं ते त्यांनाच ठाऊक.

साक्षी सुरू झाल्या. काठीवाल्या आजींनी ट्रकचा वेग असा काही रंगवून सांगितला की कंपनीच्या वकिलाला त्यांना आवरता आवरता घाम फुटला. मग ड्रायव्हर उभा राहिला. वकीलबाईंनी त्याला रजिस्टर दाखवलं, तेव्हा तो मालकाकडे न बघता म्हणाला, "मी थकलोय म्हणालो होतो. साहेब म्हणाले, अजून एक फेरी मार, मग झोप." कोर्टात कुजबूज झाली. मुलीने बापाचा हात दाबला. हा घाव वर्मी बसला होता.

तेवढ्यात कंपनीच्या वकिलाने ड्रायव्हरला विचारलं, "स्कूटर थांबतेय हे तुम्हाला कळलं का?"

"नाही. डोळे जड झाले होते." ड्रायव्हरने बोटं मोडली. "लाल दिसलं असतं, तर पाय पडला असता कदाचित ब्रेकवर. दिसलं असतं तर."

मिस्त्रीने मुलीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि घाम पुसायचं निमित्त केलं.

मग मालकाची पाळी आली. गोरटेला, वजनदार, घड्याळाशी चाळा करणारा माणूस. वकीलबाईंनी त्याला तासभर सळो की पळो करून सोडलं, तरी 'चूक' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. "आमच्या पद्धतीत काही त्रुटी राहून गेली असावी," इथवर तो आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. त्याच्यानंतर कंपनीचा तज्ज्ञ आला. त्याने पाकिटातला बल्ब काढला, भिंग लावलं आणि मिस्त्रीने जे आठ महिन्यांपूर्वी बघितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. दिवा लागला नव्हता. स्विचची तार आधीपासूनच काढून ठेवलेली होती.

मुलगी बापाच्या कानाशी पुटपुटली, "खोटं बोलतोय. विकत घेतलाय त्याला."

वकीलबाईंनी मिस्त्रीची साक्ष मुद्दाम शेवटी ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपलं जवळपास झालंय. दिव्याचं विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणा. तीन शब्द. कोर्ट फार तर थोडा वाटा बाईंच्या नावावर टाकेल. टाकू दे. कंपनीची चूक काही सुटत नाही."

"तिच्या नावावर?"

"मग आणखी कोणाच्या? स्कूटर त्या चालवत होत्या."

मिस्त्री पिंजऱ्यात उभा राहिला. समोर न्यायाधीश, खाली टायपिस्ट. पहिल्या बाकावर मालक आणि त्याच्या मागच्या बाकावर मांडीवर फाइल घेतलेली मुलगी. कंपनीचा वकील गोडबोल्या होता. सावकाश, आदबीने विचारत गेला.

"रोज ही स्कूटर कोण चालवायचं?"

"बायको."

"म्हणजे मागचा दिवा लागत नाही, हे त्यांना माहीत असणार."

"मला माहीत नाही."

"बरं. तुम्ही या धंद्यातले नावाजलेले कारागीर. घरातच एवढा कारागीर असताना बाईंनी दिव्याबद्दल तुम्हाला शब्दानेही सांगू नये, याला काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही."

"मी सांगतो. याला बेफिकिरी म्हणतात. दिवा बंद असलेली गाडी रोज रहदारीत दामटायची, मागच्यांची पर्वा करायची नाही. बाई बेफिकीर होत्या आणि त्या बेफिकिरीनेच त्यांचा..."

"ती तीनदा बोलली होती!"

मिस्त्रीचा आवाज असा फुटला की टायपिस्टची बोटं थांबली. वकीलही दचकला. त्याने हे विचारलंच नव्हतं.

"कोणाला बोलल्या होत्या?"

"मला. मला बोलली होती. तार मी काढली. टेप माझी आहे. उद्या करतो म्हणालो आणि चौदा दिवस केलं नाही. बेफिकीर म्हणतोस तिला? लोकांच्या म्हाताऱ्यांना सुई दुखू नये म्हणून जपायची ती. तिचं काही चुकलं नाही. कणभर नाही. चूक माझी आहे. लिहा, चूक माझी आहे!"

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "सावकाश. टायपिस्टला लिहून घेता आलं पाहिजे. पहिल्यापासून सांगा."

मग तेच सगळं त्याला पुन्हा, एकेका वाक्यापाशी थांबून सांगावं लागलं. तार मी काढली. थांबा. टेप मी लावली. थांबा. तिने मला तीनदा सांगितलं. थांबा. मालक पाठ टेकून आरामात बसला होता आणि ओठ मिटून हसू दाबत होता. मिस्त्रीला ते दिसत होतं. कंपनीच्या मालकाकडून काढून घ्यायचं म्हणून तीन वर्षं ज्या वाक्यासाठी रक्त आटवलं, ते वाक्य तो स्वतःच शब्द तोडून तोडून टायपिस्टला सांगत होता, आणि ज्याच्याकडून हवं होतं तो समोर बसून ऐकत होता. शेवटी टायपिस्टने विचारलं, "चूक माझी आहे की होती?" तो म्हणाला, "आहे."

त्याने मुलीकडे बघितलं. ती रडत नव्हती. तिने फाइलची दोरी नीट बांधली, उठली आणि बाहेर गेली. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा तिचे कपडे आणि पुस्तकं गेलेली होती. मावशीकडे, असं शेजारणीने सांगितलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. मुलगी आली होती, मावशीबरोबर, मागच्या बाकावर. न्यायाधीशांनी वाचलं: अपघातात पाऊण चूक कंपनीची. ड्रायव्हरला विश्रांती न देता जुंपलं आणि त्याने अंतर राखलं नाही. पाव चूक मृत महिलेच्या पतीची. मृत महिलेची कोणतीही चूक सिद्ध होत नाही. हे शेवटचं वाक्य मिस्त्रीने हात जोडून पुन्हा वाचायला लावलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि वाचलं.

"जिंकलात," वकीलबाई म्हणाल्या. मालक कोणाकडेही न बघता निघून गेला. मिस्त्रीला त्याच्या मागे धावून काहीतरी बोलावंसं वाटलं. तीन वर्षांत साठवलेल्या शिव्या जिभेवर होत्या. पण पाव हिस्सेकरी भागीदाराने भागीदाराला काय बोलायचं?

बाहेरच्या लांब व्हरांड्यात त्याने मुलीला गाठलं. मावशी दोन पावलं पुढे जाऊन थांबली.

"तिच्यावर काही आलं नाही," तो म्हणाला. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"सांगणार होतो मी तुला. रोज सांगणार होतो."

"उद्या," मुलगी म्हणाली.

 तो म्हणाला, "घरी चल. तू ओरड, भांड, काय करायचं ते कर. पण घरी चल. चुकलं माझं. माफ कर." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक जात येत होते, बघत होते. ते त्याने पुसलं नाही.

मुलीने त्याला पुरतं रडू दिलं. मग ती बोलली, अगदी हळू, एकेक शब्द वेगळा करत. "पाऊण चुकीचा माणूस आपल्या दारात उभा राहून असाच रडत होता, बाबा. त्याला मी बसा म्हणणार होते, तर तू दार लावलंस. पाव चुकीच्याला मी कसं सोडू? तसं तू मला कुठे शिकवलंस?"

ती मावशीबरोबर जिना उतरून गेली. मिस्त्री कठड्याला धरून उभा राहिला. तिचं काय चुकलं, हे त्याने पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. एवढे वकील ऐकले होते त्याने, एवढी उलटतपासणी घोकली होती, पण तिच्या बोलण्यात त्याला कुठेच फट सापडली नाही.